एक चहा जास्तीचा

लग्न होऊन रुक्मिणी सुरतेत, लिंबायतच्या खोलीत आली, त्याच आठवड्यात तिनं एक भांडण ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं. नळावरून येत होती, डोक्यावर हंडा, दार नुसतं लोटलेलं, आणि दोन्ही हात हंड्याला. आता अशा बाईनं कान झाकायचे तरी कशानं?

आत नवरा आणि सासू. नवरा लोटू, तिथल्याच एका कारखान्यात माग चालवायचा. सासू पार्वतीबाई, नवी सून घरात रुजेपर्यंत म्हणून खानदेशातल्या गावाहून आलेली. लोटू आईला म्हणत होता, सोनाराकडे जातो, ताराचा टाक करून आणतो, हिच्या गळ्यात घालू. तारा म्हणजे त्याची पहिली बायको. आणि रीत तर सगळ्यांना ठाऊक आहे. बिजवराला दिलेल्या पोरीनं मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. नवी साडी आली की आधी तिच्यापुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, मग आपण नेसायची. मेलेलीचा मान राखला की ती जितीच्या वाटेला जात नाही.

पार्वतीबाई फणकारली. "जित्ती बाईना टाक करतस का कोणी? मरेल नही ती. गाडीमा बठीसन गयी. मी मना कानवरी आयकेल से."

"त्या दिन गाड्या बंद व्हत्यात, माय."

"तिना करता चालू व्हयनी व्हई."

रुक्मिणी हंडा घेऊन तशीच उभी राहिली, मानेत कळ येईपर्यंत. लग्न जमवताना तिला सांगितलं होतं की पहिली वारली. इथं तर कोणी म्हणतं वारली, कोणी म्हणतं गाडीत बसून गेली. म्हणजे आपण नेमकी कोणाच्या जागी आलो? रिकाम्या जागी, की कोणी रुमाल टाकून ठेवलेल्या जागी? मग तिनं हंडा मोरीत उतरवला आणि सासूला विचारलं, पिठलं करू का. नव्या नवरीनं दुसरं काय विचारायचं?

हळूहळू शेजारणींकडून सगळं तिच्या कानावर आलं. तारा घरी बसून साडीला टिकल्या लावायची आणि तयार गठ्ठा जुन्या मिलच्या आवारात एका व्यापाऱ्याकडे पोचवायची. त्या श्रावणात लोटू, पार्वतीबाई आणि लहानगी शीतल कानबाई देवी बसवायला गावी गेले. तारा मागे राहिली. एवढा एक गठ्ठा देते आणि निघते म्हणाली. कानबाईचं विसर्जन झालं आणि तापी चढली, अर्धं सुरत पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी गावच्या किराणा दुकानात व्यापाऱ्याच्या बायकोचा फोन आला. दुकानदारानं पार्वतीबाईला हाक मारून बोलावलं. तिनं फोन कानाला लावला, एक वाक्य ऐकलं आणि आवाज तुटला. घरी येऊन तिनं सांगितलं, तारा गाडीत बसली.

मग सगळे वाट बघत बसले. लोटू अमळनेरच्या फलाटावर जाऊन बसायचा. गाड्या सुरू झाल्या, आल्या, गेल्या. तारा उतरली नाही. जी गाडीत बसली आणि घरी उतरली नाही, ती दुसरीकडे कुठंतरी उतरली असणार, असा गावानं हिशेब केला. गावाला असे हिशेब फार चांगले जमतात. पाणी ओसरल्यावर लोटू सुरतेला परतला तर खोलीला बाहेरून कुलूप, आणि तो व्यापारी दुकान सोडून कुठं निघून गेला होता कोणालाच माहीत नव्हतं. लोटूनं पोलिसांत नाव दिलं, दवाखाने पालथे घातले. कुठंच काही नाही.

शीतल रुक्मिणीच्या पदरात आली तेव्हा अजून बोबडं बोलायची. पहिल्याच दिवशी तिला मम्मी म्हणाली आणि तिच्या कानातले डूल ओढले. तो ऋणानुबंध तिथंच जुळला. स्वतःचं पोर काही रुक्मिणीला झालं नाही. पार्वतीबाई गावी परत गेली ती कितीतरी वर्षं सुरतेला आली नाही. जाताजाता शेजारणीला म्हणाली, कानामागून आली आणि तिखट झाली. पण ते शीतलला घट्ट धरून बसलेली रुक्मिणी बघून म्हणाली, त्यामुळे त्याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, हे शेजारणीला कळलं नाही.

टाक झाला नाही. आणि इथूनच साड्यांची गोष्ट सुरू होते.

पहिल्या दिवाळीला लोटूनं तिला मोरपंखी साडी आणली. सकाळी नेसली, दुपारी पदराचं टोक ओलं. पाण्याजवळ गेलेली नव्हती. वाळत घातलं, वाळलं, पुन्हा नेसली, पुन्हा ओलं, तेवढंच, मुठीत मावेल एवढं. नाकाशी धरलं तर गाळाचा वास. पुढच्या संक्रांतीला दुसरी नवी साडी, तेच. शेजारची म्हणाली, सवत पदर ओढते, टाक कर. रुक्मिणी म्हणाली, जिवंत असेल तर? जित्या बाईचा टाक घातला तर मीच तिला मारल्यासारखं नाही का होणार? तेव्हापासून तिनं नवी साडी नेसणं सोडलं. बहिणीच्या, नणंदेच्या वापरलेल्या साड्या मागून आणायची. ज्या गावातून देशभर साड्या जातात त्या गावात राहून बाईनं जुनेर नेसावं, याच्यावर लोक हसायचे. ती त्यांच्याही आधी हसायची. मिठाईवाला कुठं रोज घारी खातो, म्हणायची.

लोटूचा कारखाना पुढं बंद पडला. मालकानं माग भंगारात घातले, लोटू एका मार्केटात वॉचमन झाला. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहिल्यानं त्याला ऐकू कमी यायचं. कारखान्यात माणसं खुणांनीच बोलतात. धागा तुटला, बॉबिन संपली, मालक येतोय, चहा सांग, सगळ्याला खूण. त्या खुणा रुक्मिणीनं शिकून घेतल्या. त्यामुळे त्या घरात भांडण झालं तरी शेजाऱ्यांना कळायचं नाही. नुसते हात उडताना दिसायचे.

घर चालायला हवं म्हणून ती बस्त्याच्या कामाला लागली. खानदेशातल्या लग्नाचा बस्ता बांधायचा तर तो सुरतेला, अशी आता पद्धतच झालीय. दोन्ही घरची पंधरावीस माणसं सकाळच्या गाडीनं सुरतेच्या उधना स्टेशनावर उतरतात. ती नवखी, हिंदी बेताची, गुजराती शून्य. त्यांना कोणीतरी आपलं माणूस लागतं. रुक्मिणी फलाटावर उभी असायची, जुनी साडी, खांद्याला पिशवी, पायात बूट. आधी लोचो, डाळीचा तो वाफवलेला मऊ लगदा, खाऊ घालायची, कारण उपाशी बाई साडी निवडत नाही, नुसती भांडते. मग थोडं शहर दाखवायची. किल्ला, गोपी तलाव, आणि साहेब लोकांच्या जुन्या कबरी, देवळाएवढ्या घुमटांच्या. म्हाताऱ्या विचारायच्या, एवढं मोठं घर मेलेल्याला? ती सांगायची, परमुलखात मेला ना, घर बांधून दिलं नाही तर भटकत राहील. थंडीत पोंक खायला द्यायची. माणसं हसायची, अरे हा तर आपला हुरडा, शेतात फुकट मिळतो तो इथं शेव टाकून विकतात. हसायची आणि दोनदा मागून खायची.

मग मार्केट. रिंग रोडवर मोठाली मार्केटं आहेत, सरकते जिने, गार हवा. पण रुक्मिणी आपली माणसं नदीकडच्या त्या जुन्या मिलच्या आवारात न्यायची. मिल बंद पडून कितीतरी वर्षं झालेली. धुराडं अजून उभं, त्याच्यावर पिंपळ. आत जिथं कापड विणलं जायचं तिथं आता दुकानांच्या रांगा, आणि त्यातलं एक नरेंद्रभाईंचं. माल चांगला होता, भाव वाजवी होता, पण खरं कारण वेगळं. तारा त्याच आवारात गठ्ठा द्यायला गेली आणि तिथून नाहीशी झाली. ती जागा बघावी म्हणून रुक्मिणी पहिल्यांदा तिथं गेली. आणि मग जातच राहिली.

त्या दुकानात चहा नेहमी एक जास्त यायचा.

बायका पांढऱ्या गादीवर बसल्या की साड्या दाखवणारा लक्ष्मण, टकलू, तोंडाळ माणूस, नजरेनं डोकी मोजायचा आणि चहा सांगायचा. सगळ्यांना देऊन एक उरायचा. सुरुवातीला रुक्मिणीला वाटलं, मोजणीत चुकतो. मग तिनं स्वतः मोजून सांगितलं. तरी उरला. लक्ष्मण म्हणाला, मावशी, भिंतीकडच्या बाईंना दिलाच नाही तुम्ही. भिंतीकडे कोणी नव्हतं. गादीवर बसकण मारल्यासारखा खड्डा होता, तो हळूहळू वर येत होता.

दुसरी गोष्ट ती परतीच्या वाटेवर ऐकायची. स्टेशनाकडे जाताना नवरीकडची एखादी विचारायची, नवरदेवाकडची ती पोपटी साडीवाली कोण हो, बोलली नाही कोणाशी? आणि दुसऱ्या रिक्षात नवरदेवाकडची विचारायची, नवरीची ती पोपटी साडीवाली आत्या का, पदर सारखा पिळत होती? नवरीकडच्यांना वाटायचं ती तिकडची, नवरदेवाकडच्यांना वाटायचं इकडची. लग्नघरात असं बिनओळखीचं एखादं माणूस खपून जातं. दोन्हीकडची सगळी माणसं ओळखणारी एकटी रुक्मिणी, आणि तिला ती बाई कधी दिसली नाही. ती दोघींनाही सांगायची, असेल कोणी लांबची. मग रिक्षात पिशवी छातीशी धरून बसायची.

घरी यातलं काही बोलली नाही. लोटूला काय सांगणार, आणि कोणत्या खुणेनं?

अशी वर्षं गेली आणि शीतलचं लग्न ठरलं. शीतल एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कंप्युटरवर डिझाइनं काढते, गुजराती फाडफाड बोलते, मराठीत अडली की हिंदीत शिरते. मुलगा नंदुरबारकडचा, गुणाचा. त्याची आई काशीबाई, बोलायला गोड पण गोष्ट अर्धी न सोडणारी. बस्त्याच्या आदल्या दिवशी तिनं फोनवर रुक्मिणीला स्पष्ट विचारलं. मानाच्या साड्यांत पहिली नवरीच्या आईची. ती कोणाच्या नावानं घेऊ? तुमच्या गावचे लोक म्हणतात हिची आई पळून गेली. उद्या ती मांडवात येऊन उभी राहिली तर माझ्या घराण्याची शोभा होईल. वारली असेल तर तसं सांगा, फोटोपुढे साडी ठेवू, पाया पडू. माझं काही म्हणणं नाही. फक्त बस्ता बांधायच्या आत मला सांगा.

म्हणजे गाठोड्याची गाठ बसायच्या आत उत्तर हवं. नाहीतर बस्ता नाही, आणि बस्ता नाही म्हणजे लग्न नाही.

शीतलला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, सांगून टाक ना मेली म्हणून. माझ्यासाठी मेलीच आहे. ज्या बाईनं मला टाकलं तिच्यासाठी माझं लग्न मोडू देणार का तू?"

रुक्मिणी भाकरी थापत होती. हात थांबला. खरं तर तिचंही त्यातच भलं होतं. तारा मेली म्हटलं की शीतल पुरती तिची, घर तिचं, कोणी एके दिवशी दार वाजवून माझी जागा दे म्हणणार नाही. इतकी वर्षं दारावर अनोळखी थाप पडली की ती आधी शीतल कुठं आहे ते बघायची. एका शब्दानं सगळं मिटत होतं.

"जिचं मेल्याचं मला माहीत नाही," ती म्हणाली, "तिला माझ्या तोंडानं मारू कशी? त्यातून मी सवत. लोक म्हणणार नाहीत, पण मला तर कळेल ना."

शीतल रागानं न जेवता झोपली. रुक्मिणीनं तिचं ताट झाकून ठेवलं आणि आपलंही.

बस्त्याला पार्वतीबाई आली. गेल्या खेपेनंतर पहिल्यांदाच, नातीच्या लग्नासाठी. कमरेत वाकलेली, डोळ्याला जाड चष्मा, पण जिभेला अजून धार. उधन्याला उतरताच तिनं रुक्मिणीची जुनी साडी बघितली आणि विचारलं, माझा लोटू तुला नेसायला देत नाही का गं? लोचो दिला तर म्हणाली, हे पिठलं बिघडलंय. कबरी बघून म्हणाली, मला मेल्यावर असलं काही बांधू नका, झाडायचं कोणी?

सगळे मिलच्या आवारात आले. लोटूनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. तो पुरुषांबरोबर दुकानाच्या दाराशी बाकावर बसला. बायका गादीवर. पार्वतीबाईला खाली बसता येईना म्हणून नरेंद्रभाईंनी भिंतीशी स्टूल दिलं. लक्ष्मणनं चहा सांगितला. आला, वाटला, एक उरला, आणि त्यानं तो सवयीनं भिंतीकडे, पार्वतीबाईच्या पायाशी ठेवला. रुक्मिणीनं बघितलं आणि मान फिरवली. समोर साड्यांचा ढीग वाढत होता. काशीबाई एकेक बाजूला काढत होती. मामीची, आत्याची, करवलीची. पहिली मानाची जागा रिकामी ठेवून. अधूनमधून रुक्मिणीकडे बघत होती.

पार्वतीबाईला साड्यांत रस नव्हता. ती भिंत बघत होती. भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक लाल रेघ ओढलेली होती आणि पुढं गुजरातीत काहीतरी लिहिलेलं.

हे काय म्हणून तिनं विचारलं. नरेंद्रभाई गल्ल्यावरून म्हणाले, "माजी, रेल आवेली ने, ते अहीं लगण."

पार्वतीबाई हसली. तोंडात दात नसल्यानं तिचं हसणं सगळ्यांना दिसलं. म्हणाली, "या भिंतीवर रेल कशी येईल बाबा? रूळ कुठं आहेत?"

बायकाही हसल्या. शीतल साड्या चाळता चाळता म्हणाली, "आजी, आगगाडी नाही गं. इथले लोक पुराला रेल म्हणतात. पाणी इथपर्यंत आलं होतं, असं सांगतात ते."

पार्वतीबाईचं हसू तोंडातच राहिलं. ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग तिनं नातीला विचारलं, अगदी हळू, "आणि तणाई म्हणजे काय गं?"

"तणाई जाणं? वाहून जाणं. पाण्यात वाहून जाणं. का?"

पार्वतीबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, ती व्यापाऱ्याची बायको फोनवर काय म्हणाली ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. म्हणाली, "ताराबेन रेलमां तणाई गई." रेल मला समजली. मधला शब्द समजला नाही. मी म्हटलं, असेल काहीतरी त्यांच्या भाषेत, रेलमध्ये बसून गेली असंच म्हणत असेल. घरी येऊन मी गाडीत बसली असं सांगितलं. तो शब्द मी कोणाला सांगितलाच नाही. मला वाटलं, त्याची काय गरज?

रुक्मिणीच्या हातात एक साडी होती, ती तशीच राहिली. सुरतेत इतकी वर्षं काढलेल्या तिला रेल म्हणजे काय हे झोपेतही कळलं असतं. लोटूलाही कळलं असतं. पण त्या दोघांच्या कानावर रेल कधी आलीच नाही, आली ती गाडी. गावात एका कानातून दुसऱ्या कानात जाताना एका शब्दाचा दुसरा झाला, आणि एक बुडालेली बाई पळून गेलेली झाली. पोरीला आई टाकून गेलेली झाली. नवऱ्यानं सगळं आयुष्य फलाटावर बसल्यासारखं काढलं.

शीतल उभी राहिली होती. तिचा चेहरा बघवेना. आत्तापर्यंत जे शब्द ती दुसऱ्यासाठी उलगडून सांगत होती ते तिचेच निघाले होते.

बाहेर बाकावर लोटूला काही ऐकू गेलं नव्हतं. तो सगळ्यांचे गंभीर चेहरे बघून भुवया उंचावून विचारत होता, काय झालं. रुक्मिणी दारापर्यंत गेली नाही. तिथूनच, गादीवरून, तिनं खूण केली. आधी कपाळाला बोट लावलं, मोठी टिकली दाखवली. त्यांच्या घरात ताराची खूण तीच होती, कारण ती टिकल्या लावायची. मग तळहात पोटाशी धरून हळूहळू वर नेला, छातीला, हनुवटीला, डोक्यावरून वर. मग दोन बोटांनी हवेत धागा तोडला.

लोटू बसल्या जागी तसाच राहिला. मग त्यानंही बोटांनी धागा तोडून दाखवला, पुन्हा एकदा, खरंच का असं विचारत. रुक्मिणीनं मान हलवली. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

नरेंद्रभाईंनी दुकान नंतर घेतलेलं, त्यांना त्या व्यापाऱ्याची काही माहिती नव्हती. एवढंच म्हणाले की गोदाम खाली तळघरात आहे, पाणी आधी तिथं शिरलं, आणि त्या वेळी खाली कोण होतं हे कोणी मोजलं? पार्वतीबाई रडली नाही. तिनं पायाशी ठेवलेला चहा उचलला, गार झाला होता, साय धरली होती. "कोणाचा हा?" तिनं विचारलं. तिनं तो पुन्हा खाली, जसा होता तसा ठेवला आणि स्टूल जरा बाजूला सरकवून घेतलं, कोणाला जागा करून द्यावी तसं.

काशीबाईनं समोरचा ढीग बाजूला सारला. मग लक्ष्मणला म्हणाली, नवरीच्या आईसाठी दोन साड्या काढ. लक्ष्मणनं एक पोपटी साडी आधीच घडी घालून वेगळी ठेवली होती.

"ही कोणी निवडली?" काशीबाईनं विचारलं.

"त्या बाईंनीच ना," तो म्हणाला आणि भिंतीकडे बोट केलं. मग त्यानं तिथं बघितलं आणि बोट हळूच खाली घेतलं.

दुसरी साडी रुक्मिणीला विचारून घ्यायची होती. तिनं रंग बघितला नाही, म्हणाली, कोणतीही द्या. शीतलनं तिच्यासाठी अबोली निवडली. मग शीतल तिच्या शेजारी येऊन बसली, अगदी लहानपणी बसायची तशी, मांडीला मांडी लावून, आणि कोणाचंही लक्ष नाही असं बघून म्हणाली, "मम्मी, मी तिला इतकी वर्षं शिव्या दिल्या."

"तिला ऐकू गेल्या असतील तर रागसुद्धा आला असेल," रुक्मिणी म्हणाली. "आई होती ना. राग येतो आणि जातो."

बस्ता बांधला गेला. गाठ काशीबाईनं मारली.

मग जे करायचं राहिलं होतं ते केलं. तापीच्या घाटावर भटजी बोलावून ताराचे विधी झाले. लोटूनं मुंडणासाठी आपलं डोकं स्वतः पुढं केलं. अस्थी नव्हत्या, तर भटजींनी दर्भाची बाहुली केली. ती पाण्यात सोडली तेव्हा नदी अगदी उथळ, संथ होती, बाहुली काठाशीच घुटमळत राहिली. शीतल पाण्यात उतरली आणि तिनं हातानं ती प्रवाहात लावून दिली. सोनारानं टाक केला. रुक्मिणीनं तो काळ्या दोऱ्यात ओवून घातला. अबोली साडी आधी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. काय म्हणाली ते तिचं तिला माहीत. मग नेसली, सगळी कामं त्याच साडीत केली. संध्याकाळी लोटूनं पदराचं टोक हातात घेऊन चाचपलं. कोरडं होतं. त्यानं टोक लगेच सोडलं नाही.

लग्न गावी होतं. घरातली सगळी सकाळच्या गाडीनं पुढं निघायची ठरली. रुक्मिणी म्हणाली, शिंप्याकडे ब्लाऊज राहिलेत, तेवढे घेते आणि दुपारच्या गाडीनं येते.

लोटूला हे खुणेनं कळलं. त्यानं हातातली पेटी खाली ठेवली आणि खूण केली, नको, राहू दे, ब्लाऊज गेले खड्ड्यात. पार्वतीबाईपण म्हणाली, मागं कोणी राहायचं नाही. शीतलनं तर तिचा हातच धरला. रुक्मिणीनं हसून त्यांना बाहेर काढलं. म्हणाली, हे थंडीचे दिवस, तापीला मी काल बघून आलेय, गुडघाभर सुद्धा पाणी नाही. आणि काशीबाईकडच्या आठ बायका मांडवात काय नुसत्या साड्या गुंडाळून बसणार?

रिक्षा निघेपर्यंत लोटू तिच्याकडे बघत राहिला. ती हात हलवत राहिली.

शिंप्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. त्याचं नाव सोमा, हूक लावायला कायम विसरणारा. ती जाऊन फळीवर बसली. एवढ्यात वीज गेली. सगळ्या लिंबायतचे माग एकदम थांबले. तिथं मागांचा आवाज इतका मुरलेला आहे की तो थांबला की माणसं दचकून वर बघतात, कोणीतरी हाक मारल्यासारखी. गल्लीतली बाई भांडी घासताना थांबली. सोमाचा पाय मशीनवर थांबला. रुक्मिणीनंही वर बघितलं. मग कुठंतरी लांब एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे.

"हूक लाव," रुक्मिणी म्हणाली. "आणि काशीबाईच्या बाह्या जरा सैल कर, बाई अंगानं भरलेली आहे."

सोमा म्हणाला, मावशी, तुम्ही दर वेळी हेच सांगता. ती म्हणाली, तू दर वेळी हेच करतोस. त्यानं हूक लावले, तिनं एकेक ओढून बघितला, एक परत करायला लावला. मग सगळे ब्लाऊज घडी घालून पिशवीत भरले, बूट घातले, कोपऱ्यावरून वाटेत खायला पाव किलो खमण घेतलं आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला. उधना, म्हणाली.